एम.डी.-एम.एस.चे निकाल उलगडून दाखवा

प्रति,
माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



विद्यापीठाच्या पदव्युत्तर परीक्षांचे निकाल लागतात तेव्हा कोण उत्तीर्ण झाले आणि कोण राहिले एवढेच कळते. ससूनला लागून असलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, वानवडीच्या एएफएमसीत किंवा राज्यातल्या इतर संलग्न महाविद्यालयांत तीन वर्षे राबलेल्या निवासी डॉक्टरांपैकी पहिल्या प्रयत्नात कोण सुटले, लेखीत कोण अडकले, प्रात्यक्षिकात कोण, आणि या अडकण्याचा त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीशी काही संबंध आहे का, याचा पत्ता त्या निकालांतून लागत नाही. माझी विनंती या एकाच गोष्टीविषयी आहे. कोणाचेही नाव-गाव उघड न करता, पण प्रवर्ग, लिंग, कौटुंबिक उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण आणि शाळेचे माध्यम यांनुसार मांडून विद्यापीठाने एम.डी. आणि एम.एस.चे निकाल दरवर्षी प्रसिद्ध करावेत. प्रवेशाच्या दारात आपण उमेदवाराची जात, उत्पन्न, अधिवास सगळे तपासतो; दाखले मागतो, जात पडताळणी समितीकडे पाठवतो. तोच उमेदवार आत गेला की त्या माहितीचा उपयोग शुल्क-सवलतीच्या फायलीपुरता उरतो. आत आलेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणाच्याच कामाचा भाग नाही. तो विद्यापीठाच्या कामाचा भाग व्हावा, कारण परीक्षा विद्यापीठ घेते आणि ती न्याय्य आहे असे छातीठोकपणे सांगायचे असेल तर आधी तिच्या निकालांकडे या नजरेने पाहिलेले असले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. एमबीबीएस होईपर्यंत सगळे एका पातळीवर आलेले असतात, असे म्हटले जाते. साडेचार वर्षे तेच वर्ग, तीच पुस्तके, तेच वॉर्ड, मग वर्षभराची इंटर्नशिप. त्यानंतरही जो मागे पडतो तो स्वतःच्या कमी अभ्यासाने, त्यात घरदार कुठून आले? शाळेतली विषमता शाळेत दिसते, पदवीनंतर ती विरलेली असते, हा या म्हणण्याचा गाभा आहे. पण नीट-पीजीची परीक्षा काय मोजते ते पाहिले की हा विश्वास डळमळतो. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा, आणि समोर दोन लाखांहून अधिक डॉक्टर. मधल्या गर्दीत एका प्रश्नाचे उत्तर बरोबर की चूक यावर क्रमांक शेकड्यांनी, कधी हजारांनी सरकतो, आणि त्यावर स्त्रीरोग मिळणार की शरीरक्रियाशास्त्र हे ठरते. अशा परीक्षेत बुद्धीइतकाच, काही वेळा बुद्धीपेक्षाही जास्त, मोकळा वेळ कामाला येतो. क्यू-बँका पुन्हा पुन्हा सोडवायला, ग्रँड टेस्ट द्यायला, इंटर्नशिप संपल्यावर वर्षभर काहीही न कमावता ‘ड्रॉप’ घ्यायला जो वेळ लागतो, त्याचे पैसे कोणीतरी भरत असते. ज्याच्या आईवडिलांचे नर्सिंग होम आहे त्याला हे वर्ष गुंतवणूक वाटते. ज्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेत आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण बाकी आहे, तो पदवीधर प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो किंवा पुण्यातल्या एखाद्या खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा आरएमओ होतो, आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मोबाइलवर प्रश्न सोडवतो. दोघांनी पुस्तके तीच वाचली, हे खरेच आहे. ती वाचायला दोघांना मिळालेला वेळ मात्र सारखा नव्हता.

वेळ विकत घेता येतो याचा पदवी-प्रवेशाच्या पातळीवरचा पुरावा तामिळनाडूत मोजला गेला आहे. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१च्या अहवालानुसार, एमबीबीएसच्या जागा मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ७१.४२ टक्क्यांवर गेले. म्हणजे प्रवेश बारावीच्या गुणांऐवजी नीटवर होऊ लागताच एखादे जास्तीचे वर्ष बसून काढणे ही प्रवेशाची जवळजवळ अटच झाली. या अहवालातून काढलेल्या धोरणाबद्दल मतभेद असू शकतात; माझेही काही आहेत. पण हा आकडा ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा पदव्युत्तर परीक्षेलाही लागू नाही असे मानायला काही कारण दिसत नाही, कारण तिथे स्पर्धा अधिक तीव्र आहे आणि उमेदवाराच्या खांद्यावरचा संसारही अधिक जड.

हा विचार पुण्याला नवा नसावा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात स्पर्धेतून शिष्यवृत्त्या वाटण्याच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. तत्त्व म्हणून ही पद्धत न्याय्य दिसते, पण ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच पदरात ती शिष्यवृत्ती टाकते आणि इतरांपर्यंत शिक्षण पोहोचवत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बी. जे. महाविद्यालयाचा पूर्वावतार असलेली वैद्यकीय शाळा १८७८ साली सुरू झाली होती; म्हणजे याच शहरात डॉक्टर घडवण्याचे काम आणि त्या घडवणुकीच्या निवडपद्धतीला हात घालणारा प्रश्न, दोन्ही चार वर्षांच्या अंतराने उभे राहिले. त्यानंतर १४० वर्षांनी, २० जानेवारी २०२२ रोजी, नील ऑरेलिओ नुन्स खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या खंडपीठाने वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातले इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवताना तेच अधिक विस्ताराने मांडले: खुल्या स्पर्धेचे गुण काही वर्गांना मिळालेला सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदा दाखवत नाहीत, म्हणून गुणवत्ता म्हणजे फक्त गुणपत्रिका नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे पदव्युत्तर वैद्यकीय जागांच्याच संदर्भात म्हटले आहे, हे विसरता कामा नये.

आणि गुणपत्रिकेवरची आपली निष्ठा तरी किती पक्की आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहताहेत म्हणून नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. परीक्षेला बसलेला शेवटचा उमेदवारसुद्धा समुपदेशनाला पात्र ठरला. अभिमत विद्यापीठांत जातीनिहाय आरक्षण नाही, तिथल्या क्लिनिकल विषयांचे वार्षिक शुल्क मात्र कित्येक लाखांत असते. त्या खुर्च्या भरण्यासाठी पात्रतेची रेष जमिनीला टेकवली गेली तेव्हा रुग्णाच्या सुरक्षिततेची चिंता करणारे आवाज आरक्षणाच्या चर्चेत जितके ऐकू येतात तितके ऐकू आले नाहीत. पैशाने मागच्या क्रमांकावरून जागा मिळवणारा आणि आरक्षणातून जागा मिळवणारा यांच्याकडे पाहण्याच्या नजरेत हा जो फरक आहे, त्याचे ओझे पुढे तीन वर्षे वॉर्डात एकच जण वाहतो.

इथून पुढे विषय थेट आपल्या विद्यापीठाचा होतो. नीट-पीजी दिल्लीचे परीक्षा मंडळ घेते, एम.डी.-एम.एस.ची अंतिम परीक्षा नाशिकचे विद्यापीठ. इथे एक साधी वस्तुस्थिती लोकांना माहीत नसते, आणि ती ठासून सांगायला हवी: या अंतिम परीक्षेत आरक्षण नाही. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के, ही रेष सर्वांना एकच. तेव्हा जो उत्तीर्ण झाला तो एम.डी. म्हणून दुसऱ्या कोणाहूनही उणा नाही. पण याच समान रेषेमुळे खरा प्रश्न पुढे येतो. जर रेष एक आणि तीन वर्षांचे प्रशिक्षण खरोखर एकसारखे, तर निकालातही सामाजिक गटांमध्ये मोठी तफावत दिसू नये. दिसली, तर प्रशिक्षणात किंवा परीक्षेत काहीतरी असमान आहे.

पदव्युत्तर प्रशिक्षण पुस्तकातून थोडे आणि माणसांकडून जास्त मिळते. शस्त्रक्रियेत हात बसतो तो युनिटमधल्या सिनियरने सुरी हातात दिली तर. केस मांडायची रीत कळते ती कोणी तरी रात्री अकरा वाजता चूक दाखवली तर. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही, लॉगबुकवर विभागाची नोंद, रजा, ड्यूटीची वाटणी, सगळे चार-पाच माणसांच्या मर्जीवर चालते. केंद्राच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक ड्यूटी साधारणपणे नको असे लिहिले आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचा ज्युनिअर किती तास उभा असतो हे ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रत्येक संपाच्या मागण्यांतून कळते. तासांचा हा भार सगळ्यांवर पडतो, पण त्यातून वाचण्याच्या वाटा सगळ्यांना सापडत नाहीत. घरात आधीचे डॉक्टर असतील तर कोणत्या प्राध्यापकाला काय विचारायचे, कोणत्या परिषदेत पेपर वाचायचा, बहिस्थ परीक्षक बहुधा काय विचारतात, हे फोनवर कळते. पहिल्या पिढीच्या डॉक्टरला हे सगळे स्वतः ठेचकाळून शिकावे लागते. आणि भाषेचे काय? प्रात्यक्षिकातली दीर्घ केस मराठीत घडते आणि इंग्रजीत मांडली जाते. नंदुरबारहून किंवा अहेरीहून आलेली डॉक्टर रुग्णाच्या बोलीत पाच मिनिटांत जी माहिती काढते ती काढायला दुसऱ्याला अर्धा तास लागेल. पण गुण पडतात ते मांडणीच्या ओघाला. ती माहिती काढणे हे वैद्यकातले निम्मे कौशल्य असेल, तर परीक्षेने ते मोजायला नको का?

डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू २२ मे २०१९ रोजी झाला. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल कुटुंबातली ही डॉक्टर, मिरजेत एमबीबीएस झालेली, मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्याच विद्यापीठाशी संलग्न संस्थेत, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. सिनियरांनी जातीवरून अपमान केला, छळ केला, असा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. त्याचा निर्णय न्यायालय करील. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की परीक्षेच्या निकालपत्रात त्यांचे नाव कधीच आले नाही. जे जागा सोडून गेले, जे आजारी पडले, ज्यांनी प्रबंध वेळेत दिला नाही, ज्यांनी परीक्षेचा अर्जच भरला नाही, ते उत्तीर्णांच्या टक्केवारीत मोजलेच जात नाहीत. एखाद्या विभागाचा निकाल शंभर टक्के लागतो तेव्हा प्रवेश किती जणांनी घेतला होता, हे सोबत छापले नाही तर तो आकडा अर्धाच खरा आहे.

परदेशातला अनुभव इथे खरेच उपयोगी पडतो, कारण तो आपल्याच माणसांनी लढून मिळवला आहे. ब्रिटनमध्ये कॅथरीन वुल्फ, हेन्री पॉट्स आणि ख्रिस मॅकमॅनस यांनी २०११ साली बावीस अभ्यासांतली, सुमारे चोवीस हजार वैद्यकीय विद्यार्थी व डॉक्टरांची माहिती एकत्र केली आणि अल्पसंख्य वंशांचे उमेदवार गोऱ्या उमेदवारांच्या मागे राहतात हे दाखवले. २०१३ मध्ये अनीझ इस्माईल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी तिथल्या जनरल प्रॅक्टिसच्या परीक्षेचा अभ्यास केला. ब्रिटनमध्येच शिकलेल्या अल्पसंख्य वंशाच्या डॉक्टरांचे कौशल्य-परीक्षेत पहिल्या प्रयत्नात नापास होण्याचे प्रमाण, लेखीतले गुण हिशेबात धरूनही, सांख्यिकीतल्या ‘ऑड्स’च्या भाषेत गोऱ्या सहाध्यायांच्या साडेतीन पट निघाले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना ‘बापिओ’ या प्रश्नावर न्यायालयात गेली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी परीक्षा बेकायदा ठरवली नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आता पावले उचलायची वेळ आली आहे हे स्पष्ट सांगितले. आज तिथली जनरल मेडिकल कौन्सिल पदव्युत्तर परीक्षांचे निकाल वंश आणि आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार प्रसिद्ध करते, आणि वैद्यकीय शिक्षणातली ही विषमता २०३१पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट तिने जाहीर केले आहे. भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी लंडनमध्ये जो हिशेब मागितला तो भारतातल्या डॉक्टरांना भारतात मिळू नये, याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

त्या अभ्यासांतली एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वुल्फ आणि सहकाऱ्यांना तफावत यंत्राने तपासलेल्या लेखी परीक्षांतही दिसली होती. म्हणून केवळ परीक्षकाचा पूर्वग्रह हे उत्तर पुरत नाही, आणि तफावत दिसली म्हणून आपल्या परीक्षकांवर आरोप सिद्ध झाला असेही मी म्हणणार नाही. कारणे अनेक असतील: शिकवण्यातले अंतर, पैशाची चणचण, एकटेपणा, भाषा, आणि काही ठिकाणी उघड भेदभावही. याच कारणासाठी लेखी आणि प्रात्यक्षिकाचे गुण वेगवेगळे मांडायला हवेत. लेखी उत्तरपत्रिका सांकेतिक क्रमांकाखाली तपासली जाते. प्रात्यक्षिकात उमेदवार समोर उभा असतो आणि अंतर्गत परीक्षक त्याला तीन वर्षे ओळखत असतात. लेखीत जवळपास बरोबरीने असलेले दोन गट प्रात्यक्षिकात वर्षानुवर्षे दूर जात असतील तर शोध एका दिशेने घ्यावा लागेल. दोन्हींत सारखेच मागे असतील तर दुसऱ्या दिशेने. आकडे नसतील तर काय होते हे दिल्लीच्या एम्समध्ये दिसले. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे नोंदवले. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत न्याय मिळत नाही असे सांगणारे त्यांत मोठ्या संख्येने होते. संस्थेने ते मान्य केले नाही. एका बाजूला अनुभव, दुसऱ्या बाजूला नकार, आणि ज्या गुणांच्या नोंदींनी वाद बराचसा सुटला असता त्या कपाटात.

आता उरलेले आक्षेप. रुग्ण डॉक्टरची जात विचारत नाही, त्याला चांगला डॉक्टर हवा, असे म्हटले जाते. अगदी बरोबर, आणि म्हणूनच नापास होणाऱ्यांची कारणे शोधून प्रशिक्षण सुधारणे रुग्णाच्या हिताचे आहे. मी रेष खाली आणा असे कुठेही म्हटलेले नाही. सामाजिक विविधतेने कामाचा दर्जा घसरतो या भीतीबद्दल अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास केला आहे. आरक्षणाने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. रेल्वे म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे हे कबूल, पण निदान त्या भीतीला जितका आधार गृहीत धरला जातो तितका नाही, एवढे त्यातून कळते.

अधिक गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो वंचित समाजांतूनच येतो: असे आकडे छापले तर ‘यांचे निकाल बघा’ म्हणत तेच आकडे त्याच विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेकले जातील. ही भीती खरी आहे. पण आकडे नसतानाही ते टोमणे मारले जातातच, आणि तेव्हा त्यांना उत्तर देता येत नाही. शिवाय मांडणी कशी करायची हे आपल्या हातात आहे. फक्त प्रवर्गाचा रकाना छापला तर तो जातीचा निकाल दिसेल. त्याच्या शेजारी आईवडील डॉक्टर आहेत की नाहीत, घरातली ही पहिली पदवी आहे का, इंटर्नशिप आणि प्रवेश यांच्यामध्ये नोकरी करावी लागली का, हे आले की वाचणाऱ्याला कारणांची साखळी दिसेल. खुल्या प्रवर्गातल्या गरीब शेतकऱ्याच्या मुलीची अडचणही तेव्हाच उजेडात येईल, जी आजच्या वादात कोणत्याच बाजूला दिसत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न तांत्रिक आहे आणि सुटण्यासारखा आहे. एका महाविद्यालयात एखाद्या विषयाच्या दोन-तीनच जागा असतात, तिथे प्रवर्ग सांगितला की माणूस ओळखू येतो. म्हणून महाविद्यालयनिहाय नव्हे, राज्यपातळीवर विषयांचे गट करून, तीन वर्षांचे निकाल एकत्र मांडावेत, आणि दहापेक्षा कमी उमेदवार असलेला कोणताही रकाना झाकावा. महाविद्यालयांना त्यांचे स्वतःचे आकडे खासगीत द्यावेत.

आपल्याकडून अपेक्षित काम तसे मोठे नाही. पुढच्या सत्राच्या परीक्षा-अर्जात आईवडिलांचे शिक्षण व व्यवसाय, दहावीपर्यंतचे माध्यम आणि शाळेचा तालुका एवढे ऐच्छिक रकाने वाढवावेत. प्रवर्ग आणि उत्पन्नाची माहिती प्रवेशाच्या कागदांत आधीच आहे. प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचा पाठपुरावा करून किती जण पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, किती दुसऱ्या, आणि किती जण परीक्षेपर्यंत पोहोचलेच नाहीत, हे नोंदवावे. विश्लेषणाची पद्धत आकडे हाती येण्याआधी जाहीर करावी, म्हणजे निकाल पाहून ती बदलली असा संशय कोणाला येणार नाही. विश्लेषण करणाऱ्या समितीत संख्याशास्त्रज्ञ असावेत, विविध प्रवर्गांतले निवासी डॉक्टर असावेत, आणि ज्यांच्या विभागाचे आकडे तपासले जात आहेत असे कोणी नसावे. कदाचित आपल्या राज्यात तफावत अगदीच किरकोळ निघेल. तसे झाले तर मला आनंद होईल आणि तेही तितक्याच ठळकपणे छापावे. तफावत मोठी निघाली, तर ज्या विषयात आणि परीक्षेच्या ज्या भागात ती दिसते तिथल्या विभागप्रमुखांकडून विद्यापीठाने सहा महिन्यांत लेखी खुलासा आणि सुधारणेचा आराखडा मागवावा, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांसोबत तोही लोकांपुढे ठेवावा.

आपला,
पुणे शहरातील एक नागरिक